फिश टँकमधल्या थर्मामीटरची परीक्षा

एकाच फिश टँकमध्ये दोन थर्मामीटर ठेवले आणि एकाने २५ अंश, दुसऱ्याने २८ अंश सेल्सिअस दाखवले, तर विश्वास कोणावर ठेवायचा? प्रश्न किरकोळ नाही. माणसाचे शरीर आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. टाकीतल्या माशांना ते जमत नाही. पाण्याचे तापमान तेच त्यांचे तापमान. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, आणि नेमकी तेव्हाच माशांची प्राणवायूची गरज वाढते. मग मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात.

काचेवर बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर खोलीतल्या हवेचाही परिणाम होतो. तापाचा थर्मामीटर इथे निरुपयोगी, कारण त्याचे आकडेच तिशीच्या पुढे सुरू होतात. पाऱ्याचा थर्मामीटर तर टाकीत नकोच. फुटला की विषारी पारा पाण्यात.

पाण्यात बुडणारा, शून्यापासून खुणा असलेला थर्मामीटर घ्यावा आणि घरीच तपासावा. बर्फाच्या चुऱ्याने पेला भरून त्यात थोडे थंड पाणी घालावे, ढवळावे आणि थर्मामीटरचे टोक चार-पाच मिनिटे बुडवून ठेवावे. आकडा शून्यावर यायला हवा. एका अंशाहून अधिक फरक असेल, तर थर्मामीटर बदलावा.

घरात पाळल्या जाणाऱ्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या माशांना २४ ते २८ अंश मानवतात. गोल्डफिशला त्याहून थंड पाणी हवे. हीटरचे बटण फिरवण्याआधी ही बर्फाची परीक्षा घ्यावी.