एका चौकटीत दोन क्षण

छायाचित्र म्हणजे क्षणाची नोंद, असे आपण सहज म्हणून जातो. पण हा क्षण केवढा असतो, आणि एका चित्रात तो एकच असला पाहिजे काय, असे आपण सहसा विचारीत नाही. या प्रश्नांचे उत्तर महागड्या यंत्रापेक्षा खेळण्यातला कॅमेराच अधिक सोपेपणाने देतो, असे आम्हांस वाटते.

हाँगकाँगमध्ये १९८२ साली निघालेला होल्गा घ्या. त्याचे अंग प्लॅस्टिकचे. अंतर जुळविण्यासाठी भिंगावर एक माणूस, कुटुंब, जमाव आणि डोंगर अशी चार चित्रे. झडप सुमारे सेकंदाचा शंभरावा भाग उघडते. पुष्कळशा कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकविल्याखेरीज खटका पुन्हा दाबता येत नाही. होल्गात या दोन क्रियांची सांगडच घातलेली नाही. फिल्म न सरकविता खटका दोनदा दाबा, दहादा दाबा, प्रकाश त्याच चौकटीवर पडत राहील.

येथे एक नियम ध्यानात ठेवावा. फिल्मवर प्रकाशाची बेरीज होते, वजाबाकी कधीच होत नाही. जेथे एकदा भरपूर उजेड पडला, तेथे दुसरे चित्र उमटण्यास जागा उरत नाही. जेथे काळोख राहिला, ती जागा मोकळी असते. उजळ आकाशापुढे माणूस उभा करून त्याची काळी आकृती टिपा आणि मग त्याच चौकटीवर झाडाची पाने टिपा. पाने आकाशात दिसणार नाहीत. ती त्या माणसाच्या देहात उमटतील. म्हणजे अशा चित्रात खरी मांडणी काळोखाची असते. शिवाय दोनदा झडप उघडली की प्रकाश दुप्पट होतो. म्हणून जेथे २०० अंकाची फिल्म वापरली असती, तेथे १०० अंकाची घ्यावी.

आता पुसटपणाकडे वळू. ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे १.४ सेंटिमीटर पुढे जातो. तो ३ मीटरवरून आडवा जात असेल, तर होल्गाच्या ६० मिलिमीटरच्या भिंगातून फिल्मवर तो पाव मिलिमीटरहून थोडा अधिक सरकतो. चित्र मोठे केले की कडा मऊ दिसते. खटका दाबून ठेवीपर्यंत झडप उघडी ठेवणारी ‘बी’ ही खूण असेल, तर ती एक सेकंद उघडी ठेवून पाहा. तोच माणूस आता २८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी चौकट ओलांडतो. कोणत्याही एका जागी तो पुरेसा थांबलेला नसतो, म्हणून त्याच्यातून मागची भिंत दिसू लागते. मात्र कॅमेरा तिवईवर घट्ट हवा. नाहीतर भिंतच चालू लागेल!

ही गोष्ट नवी नाही. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्यासाठी काही मिनिटे लागली. त्या अवधीत ये-जा करणारी माणसे व गाड्या चित्रातून नाहीशा झाल्या. उरला तो जोडे पुसून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. ते चित्र खोटे आहे काय? मुळीच नाही. त्या रस्त्यावर कोण किती थांबले, याचा तो चोख हिशेब आहे.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, पुसट किंवा दुहेरी चित्र हे असत्य नव्हे. दोन क्षण जोडून तो एकच क्षण होता असे भासविणे, हे असत्य. हा दोष यंत्राचा नसून सांगणाऱ्याचा असतो. १२० च्या फिल्मवर चौरस चित्रे बाराच निघतात. त्यांतली दोन-तीन या खेळासाठी बाजूला ठेवावीत. पुढे कोणतेही छायाचित्र पुरावा म्हणून समोर आले की, हा क्षण केवढा होता, असा प्रश्न आपल्या मनात आपोआप उभा राहील. तो उभा राहिला, की खेळण्याची किंमत वसूल झाली.