पेला ओठांशी धरलेली मुलगी

बोलपटात थोर चित्र आले की ते बहुधा भिंतीची शोभा म्हणून, नाहीतर चोरांची सोय म्हणून. २००१ साली आलेल्या 'अमेली' या फ्रेंच बोलपटात मात्र चित्र चक्क मध्यस्थी करते, आणि मला ती मोठी लोभस वाटली.

चित्र रेन्वारचे, १८८०-८१ मधले. पॅरिसजवळ शातू येथे सेन नदीकाठच्या उपाहारगृहात मित्रमंडळी जेवून सुस्तावली आहेत. द्राक्षे, बाटल्या, गवती टोप्या, कुत्र्याचे लाड करणारी एक तरुणी. (हीच पुढे रेन्वारची पत्नी झाली, आणि तिचा मुलगा जाँ नामवंत चित्रपट-दिग्दर्शक!) त्या घोळक्यात एक मुलगी पेला ओठांशी धरून बसली आहे, सगळ्यांत असून कुणातच नसलेली.

अमेलीचे शेजारी, वृद्ध द्यूफायेल, ठिसूळ हाडांमुळे वीस वर्षे घराबाहेर पडलेले नाहीत. दरवर्षी ते या चित्राची एक नक्कल करतात. बाकी सारे साधते, त्या मुलीची नजर तेवढी निसटते. मग ते आणि लाजाळू अमेली 'त्या मुली'विषयी बोलू लागतात. तिच्या मनात कुणी आहे का? इतरांचे संसार सावरणारी ही पोर स्वतःचे कधी पाहणार? लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार; पण इथे सुनेलाही सारे कळते, आणि तीही चित्रातल्या मुलीच्या आडूनच उत्तर देते.

शेवटी म्हातारा आडपडदा सोडून तिला बजावतो, की तुझी हाडे काही काचेची नाहीत. अमेली धावत जाऊन दार उघडते. नीनो दारातच उभा असतो.