कर्णधाराची वैद्यकी

लंडनच्या १९४८ सालच्या ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पथकाचा ध्वज धरून चालणारे आणि फुटबॉल संघाचे कर्णधारपद भूषविणारे तालिमेरेन आओ हे त्या वेळी कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाचे, पदवी अद्याप पदरात न पडलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट आपल्याकडील क्रीडाप्रेमींच्याही क्वचितच ध्यानी असते. नागा टेकड्यांच्या मुलुखातील चांगकी हे त्यांचे गाव. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या माणसांची सेवा करावी, ही इच्छा मागे ठेवून त्यांचे धर्मोपदेशक वडील विषमज्वराने वारले, आणि ज्या प्रदेशात डॉक्टर हा प्राणीच दुर्मीळ होता तेथे ही इच्छा पोरक्या मुलाच्या शिरावर ऋण होऊन बसली.

गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजातून ते १९४२ साली कारमायकेलमध्ये दाखल झाले आणि लवकरच मोहन बागानच्या संघात मधल्या फळीत खेळू लागले. शवविच्छेदनाचा वर्ग, रुग्णालयातील फेऱ्या आणि हजेरीपट यांना सामन्यांच्या वेळापत्रकाशी काडीचेही कर्तव्य नसते. शिवाय जी विद्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहूनच शिकावयाची, तिचे बुडलेले तास रात्री दिवा जाळून भरून निघत नाहीत. पदवी हाती आली ती १९५० साली, म्हणजे प्रवेशानंतर आठ वर्षांनी. आपल्याकडे बारावीचे वर्ष उजाडताच मुलाचे बूट माळ्यावर टाकणारे सुज्ञ पालक या आठ वर्षांना कालापव्यय म्हणतील. मला ती दोन व्रतांची रास्त किंमत वाटते.

त्याच काळात ३१ जुलै १९४८ रोजी फ्रान्सविरुद्ध सामना झाला. आपले बहुतेक गडी अनवाणी, कित्येकांच्या पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या. रामन यांच्या गोलाने बरोबरी साधली होती. परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना संपत आला असता फ्रान्सने दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळविला. या खेळानंतर आर्सेनल क्लबाचे बोलावणे आले होते आणि आओंनी अभ्यासासाठी ते नाकारले, असे सांगतात. दंतकथेचा भाग सोडून दिला, तरी ते परतून पुन्हा त्याच वॉर्डात रुजू झाले, एवढे निश्चित.

खेळाने त्यांना वैद्यकीच्या परीक्षेत कसलीही सवलत दिली नाही आणि वैद्यकीनेही मैदानावरील हक्क मागे घ्यावयास लावला नाही. दोहोंचा हिशेब त्यांनी स्वतंत्र ठेवला. पुढे कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात नोकरी पत्करून, नागालँड राज्य झाल्यावर आरोग्यसेवा संचालकाच्या हुद्द्यापर्यंत पोहोचून, ते १९७८ साली सेवानिवृत्त झाले.