मालार्ग्वेच्या माळावरच्या टाक्या

अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतात, अँडीजच्या पायथ्याशी मालार्ग्वे गाव आहे. तिथल्या खुरट्या झुडपांच्या माळावर दर दीड किलोमीटरला प्लास्टिकची एक बसकी टाकी दिसते. अशा सोळाशेहून जास्त टाक्या ३,००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. ही पिएर ओजे वेधशाळा.

एवढा पसारा लागतो, कारण पाहुणा फार दुर्मीळ आहे. १०²⁰ इलेक्ट्रॉन व्होल्टचा वैश्विक किरण एका चौरस किलोमीटरवर शतकातून जेमतेम एकदा येतो. हळू टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा एका अणुकेंद्रात सामावलेली असते! हवेवर आदळताच त्यातून अब्जावधी कणांचा वर्षाव होतो.

टाकीत १२,००० लिटर शुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. वर्षावातला म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, पाण्यात शिरला की निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो आणि वरच्या तीन प्रकाशगुणक नलिका तो टिपतात. वीज सौर पॅनेलची, घड्याळ जीपीएसचं. शेजारच्या टाक्यांमध्ये चमक किती मागेपुढे उमटली, यावरून किरणाची दिशा कळते. कडेच्या २७ दुर्बिणी निरभ्र, अंधाऱ्या रात्री हवेतल्या नायट्रोजनची मंद झळाळी पाहतात. जेम्स क्रोनिन आणि ॲलन वॉटसन यांनी १९९२मध्ये मांडलेल्या या कल्पनेतून २००४पासून नोंदी मिळू लागल्या.

नव्या भौतिकीच्या दृष्टीने वेधशाळेचं पहिलं मोठं काम नकाराचं आहे. हे किरण विश्वारंभीच्या अतिजड कणांच्या विघटनातून येत असावेत, असा एक तर्क होता. तसं असतं तर त्यांच्यात भरपूर फोटॉन सापडायला हवे होते. ते सापडले नाहीत आणि त्या तर्काची बहुतेक रूपं बाद झाली. मला हे यश शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

कोडं उरलंय ते म्युऑनचं. इथल्या टकरी जिनिव्हाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरपेक्षा दहापट तीव्र असतात. तिथल्या मोजमापांवर बेतलेल्या प्रारूपांनुसार जेवढे म्युऑन यायला हवेत, त्याहून कितीतरी जास्त प्रत्यक्षात येतात. २०१६च्या विश्लेषणात वर्षावाचा हेड्रॉनी, म्हणजे म्युऑन निपजवणारा, भाग अपेक्षेपेक्षा ३० ते ६० टक्के जास्त भरला. नवा कण सापडला म्हणून नाचायचा मोह कुणालाही होईल. पण २०२१मध्ये वेधशाळेने म्युऑनच्या संख्येतले चढउतार मोजले, ते प्रारूपांशी जुळले. पहिल्याच टकरीत काही अघटित घडत असतं, तर ते बहुधा या चढउतारांत दिसलं असतं. म्हणजे प्रारूपांतली चूक लहान असून वर्षावाच्या प्रत्येक पायरीवर साचत जात असावी. आता टाक्यांच्या माथ्यावर सिंटिलेटर, म्हणजे कण आरपार गेला की चमकणारे शोधक, बसवले आहेत. खालचं पाणी आणि वरचा सिंटिलेटर इलेक्ट्रॉन-म्युऑनना वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे आलेला किरण प्रोटॉनचा की लोखंडासारख्या जड अणुकेंद्राचा, हे पारखणं सोपं होईल. ही पारख झाल्याशिवाय म्युऑनच्या आधिक्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, हे ठरवता येणार नाही.