आश्वासन आणि आत्मसंवाद

अक्कलकोट येथे १८७८ मध्ये समाधिस्थ झालेल्या श्रीस्वामी समर्थांच्या नावे एक आश्वासन रूढ आहे. ‘भिऊ नकोस’ असे सांगून ते पाठीशी असल्याचा विश्वास देते. संकटकाळी भाविक ते मनाशी घोळवितो, तेव्हा तो स्वतःस ‘मी’ न म्हणता ‘तू’ या संबोधनाने ऐकत असतो. मानसशास्त्रदृष्ट्या हा भेद महत्त्वाचा होय.

ईथन क्रॉस व सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘मी’ टाळून स्वनामाने अथवा ‘तू’ असे स्वतःशी बोलणाऱ्यांना भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी इतरांहून कमी उद्वेग जाणवला. पुढील प्रसंगही त्यांना संकटापेक्षा आव्हान वाटले. प्रसंग तोच राहिला; त्याचा लावलेला अर्थ पालटला. हे प्रयोग भाविकांवर झालेले नसल्याने साम्य संबोधनापुरतेच मानावे. पाठीराख्यावरील श्रद्धा हा घटक त्यांत नव्हता.

या सामर्थ्यास मर्यादाही आहे. आश्वासनाने भय ओसरेल, ज्वर उतरेलच असे नाही. भय ओसरलेला रुग्ण वैद्याकडे निघाला, तर आत्मसंवाद सार्थकी लागला. तो घरीच थांबला, तर तेच वाक्य घातक ठरते. म्हणून श्रद्धेचे मूल्यमापन तिने दिलेल्या दिलाशावरून नव्हे, तर तिच्यातून घडणाऱ्या कृतीवरून करणे युक्त होय.