हंगेरींतील गायनशिक्षक कसा घडतो?

शाळेंत गाणें शिकविणाऱ्या शिक्षकाला काय यावें, असें कोणास विचारलें तर बहुधा एकच उत्तर येतें : पेटी वाजवितां यावी, पांचपंचवीस गाणीं पाठ असावीं, आणि संमेलनाच्या वेळीं मुलांकडून तीं बरीशीं म्हणवून घेतां यावीं. मध्य युरोपांतील हंगेरी या लहानशा देशानें गेल्या शतकांत या प्रश्नाचें निराळें उत्तर दिलें. गायनशिक्षकाचें खरें वाद्य त्याचा स्वतःचा गळा, आणि त्या गळ्यामागें असलेला कान, असें तेथें ठरलें. दुसरें वाद्य मागाहून आलें तरी चालेल.

या विचाराचे प्रवर्तक झोल्तान कोदाय. १८८२ सालीं केच्केमेत या गांवीं जन्मलेले. व्यवसायानें संगीतरचनाकार, पण भाषाशास्त्राचेहि जाणते. १९०५ पासून त्यांनीं खेडोपाडीं हिंडून शेतकऱ्यांचीं गाणीं टिपून घेण्यास आरंभ केला. या कामीं बेला बार्तोक त्यांचे सोबती झाले, आणि १९०६ सालीं दोघांनीं मिळून लोकगीतांचा पहिला लहानसा संग्रह प्रसिद्ध केला. हें घरचें धन शहरांतील शाळांच्या गांवींहि नव्हतें. तेथें शिकविलीं जाणारीं गाणीं पुष्कळ अंशीं परक्या वळणाचीं, आणि तींहि कानावरून घोकून घेतलेलीं.

१९२५ पासून कोदाय मुलांच्या गायनवृंदांसाठीं मुद्दाम रचना करूं लागले, आणि १९२९ सालीं एका लेखांत त्यांनीं शालेय गायनाची कठोर झडती घेतली. राजधानींतील ऑपेरागृहाचा संचालक कोण, यापेक्षां किश्वार्द्यासारख्या लहान गांवीं गायनशिक्षक कोण आहे याची चिंता अधिक करावी, असें त्यांचें म्हणणें. त्यामागचा हिशेब सरळ होता. संचालक नालायक निघाला तर लौकरच घरीं जातो. शिक्षक मात्र निवृत्त होईपर्यंत जागेवर राहतो, आणि दरवर्षीं नव्यानें येणाऱ्या मुलांची संगीताची गोडी मारीत बसतो.

आतां पद्धतीकडे वळूं. श्रोतेहो, आपल्याला ती फारशी परकी वाटूं नये. युरोपांतील कांहीं देशांत 'दो' हें एका ठराविक उंचीच्या स्वराचेंच नांव आहे. कोदाय यांनीं चल 'दो' पत्करला : गाणारा जेथें आधार धरील तेथें 'दो', जसा आपला षड्ज. हें साहित्य बरेंचसें उसनें आहे. चल स्वरनामें आलीं तीं इंग्लंडांतील सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांच्या परंपरेंतून, हातानें स्वर दाखविण्याच्या खुणा कर्वेन यांच्याकडून, आणि 'ता, ति-ति' हे लयीचे बोल फ्रेंच शिक्षकांकडून. बोटांवर स्वर दाखविणारे आपले सामगायक येथें आठवल्यावांचून राहत नाहींत.

कोदाय आणि त्यांचे शिष्य यांचें स्वतःचें मोठें काम म्हणजे या सर्वांना क्रम लावणें. आरंभ सप्तकाच्या शिडीनें करावयाचा नाहीं. मुलें खेळतांना जे स्वर सहज उच्चारतात ते प्रथम : वरून खालीं येणारे 'सो-मि', म्हणजे आपले पंचम आणि गंधार. मग धैवत, मग षड्ज आणि ऋषभ. मध्यम आणि निषाद पुष्कळ मागाहून, कारण गंधारापासून मध्यमापर्यंतचें अर्ध्या स्वराचें अंतर कोंवळ्या गळ्याला नेमकें साधत नाहीं. हे तर भूपाचेच पांच स्वर झाले! जुन्या हंगेरियन लोकगीतांचे मुख्य स्वरहि हेच. फक्त त्यांचा विसावा पुष्कळदां धैवतावर असतो, त्यामुळें आपल्या कानाला तीं भूपापेक्षां धानीच्या जवळचीं वाटावींत.

येनो आदाम यांनीं १९४४ सालीं ही सर्व रीत शिक्षकांसाठीं ग्रंथरूपानें मांडली. परंतु पुस्तक वाचून असा शिक्षक तयार होत नाहीं. उमेदवाराच्या हातीं पहिल्यानें येतो तो नादकांटा, आपटला कीं एकच स्वर देणारा. त्या एका स्वरावरून हव्या त्या गाण्याचा आरंभस्वर मनांत शोधावयाचा आणि वाद्याची मदत न घेतां वर्गाला द्यावयाचा. अनोळखी स्वरलेखन पाहतांक्षणीं गावयाचें. एक ओळ गळ्यानें गात असतां दुसरी पियानोवर वाजवावयाची. दोन हातांनीं दोन निराळ्या ओळींचे स्वर खुणांनीं दाखवावयाचे. अर्धा वर्ग उजव्या हाताकडे पाहून गातो, अर्धा डाव्या हाताकडे. शिक्षकाचें लक्ष क्षणभर ढळलें तर दोन्ही ओळी एकदम कोसळतात, आणि चूक कोणाची हें मुलांनाहि कळतें.

याहून अवघड साधना मौनाची. गाणें रंगांत आलें असतां शिक्षक खूण करतो आणि वर्ग गप्प होतो. गाणें मात्र प्रत्येकाच्या मनांत चालूच राहतें. दुसरी खूण होतांच सर्वांनीं एकदम, त्याच जागीं आणि त्याच सुरांत पुन्हां गळा उघडावयाचा. यालाच ते आंतरिक श्रवण म्हणतात. कागदावरचे ठिपके डोळ्यांनीं पाहिले कीं मनांत ध्वनि उमटला पाहिजे, ही अपेक्षा मुलांकडून आहे, मग शिक्षकाकडून ती किती असेल? १९५३ सालीं बुडापेस्टच्या लिस्त संगीत अकादमींत केलेल्या भाषणांत कोदाय यांनीं चांगल्या संगीतकाराच्या चार गोष्टी सांगितल्या : कान, बुद्धि, हृदय आणि हात यांची जोपासना, आणि तीहि समतोल.

दोन आवाजांच्या गायनावर त्यांचा विशेष भर. १९३७ ते १९४२ या काळांत त्यांनीं 'बिसिनिया हुंगारिका' हे द्विस्वनी गीतांचे चार भाग रचले. दुसऱ्याच्या सुराशीं आपला सूर ताडून पाहिल्यावांचून शुद्ध गातां येत नाहीं, आणि पियानोच्या समान वाटणीच्या स्वरांवर विसंबून तर मुळींच नाहीं, हा विचार त्यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासपुस्तकांत मांडला. योगायोग असा कीं, आपल्या नभोवाणीनें याच जातीच्या शंकेपोटीं १९४० सालीं पेटीला दार बंद केलें होतें. तें दार १९७१ पासून हळूहळू किलकिलें झालें.

१९५० सालीं केच्केमेत येथें मार्ता नेमेशसेगी या शिक्षिकेनें पहिली गायनप्रधान प्राथमिक शाळा काढली. तेथें गायनाचा तास रोज असे. पुढें अशा शंभराहून अधिक शाळा निघाल्या, आणि १९६४ च्या बुडापेस्ट येथील आंतरराष्ट्रीय संगीतशिक्षण परिषदेनंतर परदेशी शिक्षकांची रीघ लागली. कोदाय १९६७ सालीं वारले. त्यांच्या नांवाची अध्यापनसंस्था १९७५ सालीं केच्केमेतच्या एका जुन्या फ्रान्सिस्कन मठांत सुरू झाली. आज ती लिस्त अकादमीचाच एक भाग आहे. २०१६ सालीं युनेस्कोनें लोकसंगीत जपण्याच्या या रीतीची आपल्या आदर्श उपक्रमांच्या नोंदवहींत नोंद केली.

येथें एक तक्रार नोंदविणें भाग आहे. परदेशीं गेलेल्या या पद्धतीचा पुष्कळदां सांगाडाच उरतो. हाताच्या खुणा आणि 'ता, ति-ति' आठवड्याभरांत शिकतां येतात. कान तयार व्हावयास वर्षें लागतात, आणि शिक्षण खात्यांना आठवडा परवडतो. दुसरी अडचण गाण्यांची. कोदाय यांच्या मतें मुलाचें पहिलें संगीत मातृभाषेंतलेंच हवें, कारण चालीचें वळण बोलीच्या वळणांतून येतें. मग हंगेरियन गाणीं भाषांतरून कशीं चालतील? म्हणून ही पद्धति पत्करणाऱ्या इतर देशांतील शिक्षकाला आपल्याच मुलांचीं गाणीं गोळा करावीं लागतात : कोणत्या गाण्यांत दोन स्वर आहेत, कोणत्यांत तीन, कोणत्यांत पांच, अशी वर्गवारी करून तीं क्रमानें लावावयाचीं. अमेरिकेंतील शिक्षकांनीं असे गीतसंग्रह केले, आणि आपल्या गाण्यांना पाहून स्वरांच्या क्रमांतहि कोठें कोठें फेरफार केला. ज्या भाषेंतील बालगीतें पंचम-गंधारानें सुरू होत नसतील, तेथें पहिला धडा कोणत्या स्वरांचा, हें त्या भाषेच्या शिक्षकालाच ठरवावें लागतें.