काळी माती, काळा कातळ आणि अवरक्त प्रकाशाची जबानी

सातारा-सांगलीकडील कृष्णाकाठची जमीन काळीभोर आहे, सबब तिच्यात सेंद्रिय द्रव्य विपुल असलेच पाहिजे, ही रूढ समजूत वस्तुस्थितीस धरून नाही. दख्खनच्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकाहूनही कमी भरतो, आणि त्या अल्प द्रव्याचा मॉन्टमोरिलोनाइट या मृत्तिका-खनिजाशी जडलेला घट्ट संयोग हे तिच्या काळेपणाचे एक प्रमुख कारण मानले जाते. डोळ्यांची पारख अशी फसते तेथे अवरक्त वर्णपटमापन कामास येते. मात्र त्याविषयीचे गैरसमजही थोडेथोडके नाहीत.

त्यांतील सर्वांत मोठा हा, की यंत्रात खडा ठेवला म्हणजे आतील संयुगाचे नाव आपोआप हाती येते. वास्तविक रेणूतील बंध ज्या वारंवारतेने कंप पावतात, त्याच वारंवारतेचा प्रकाश शोषला जातो, आणि कार्बन-हायड्रोजन बंधाची शोषणे साधारणतः 2850 ते 2960 प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांच्या टापूत रुजू होतात. परंतु आपल्या बेसॉल्टाच्या पोकळ्यांत आढळणाऱ्या कॅल्साइटाची दुय्यम शोषणेही याच टापूत पडतात; आणि झिओलाइटात कोंडलेले पाणी 1640 च्या आसपास जी पट्टी दाखवते, ती प्रथिनांच्या 1650 जवळच्या पट्टीस जवळजवळ झाकून टाकते. एकाच पट्टीवरून फैसला देणारा अभ्यासक म्हणूनच मला घाईचा वाटतो.

उच्च विभेदनाविषयीही असाच घोटाळा आहे. घन पदार्थांतील पट्ट्या स्वभावतःच रुंद असल्यामुळे तरंगसंख्येचे अतिसूक्ष्म विभाजन वायूंच्या अभ्यासात जितके फलदायी ठरते तितके येथे ठरत नाही, आणि बहुधा 4 प्रति सेंटिमीटर एवढे पुरते. खरी निकड असते ती स्थळाच्या विभेदनाची, म्हणजे द्रव्य खनिजाच्या आत आहे की भेगेत शिरलेले आहे, हे पाहण्याची. कार्बन-हायड्रोजन पट्टीची तरंगलांबी सुमारे साडेतीन मायक्रॉन असल्याने साधा अवरक्त सूक्ष्मदर्शक त्याहून फारसा बारकावा देऊ शकत नाही. अतिसूक्ष्म टोकाच्या साहाय्याने चालणाऱ्या नव्या पद्धती मात्र काही दशक नॅनोमीटरांच्या तपशिलापर्यंत पोचतात.

सेंद्रिय म्हणजे सजीवांपासूनच आलेले, हा समज तर 1969 साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीतील अमिनो आम्लांनी खोटा पाडला आहे. कोयनेच्या कातळाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपासारख्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी पाटण तालुक्यात गोठणे येथे 2017 मध्ये 3 किलोमीटर खोल वेध पूर्ण झाला; कराडला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा उभी राहिली; सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्टाखाली ग्रॅनाइटी पाया लागला; आणि या परिसरातील खोल खडकांत खरगपूरच्या आयआयटीच्या अभ्यासकांना सूक्ष्मजीवांचा मागोवा मिळाला.

अशा नमुन्यांत कार्बन-हायड्रोजनाची पट्टी दिसली, तर ती खडकाचीच आहे हे गृहीत धरता येत नाही, कारण वेधनासाठी सोडलेले द्रव, यंत्राचे ग्रीस, काप चिकटवण्याची राळ आणि हाताळणाऱ्याच्या बोटांचा तेलकटपणा हीही तीच पट्टी देतात; यास्तव त्या प्रत्येक पदार्थाचा स्वतंत्र वर्णपट घेऊन तो नमुन्याच्या वर्णपटाशी ताडून पाहणे, आणि वेधातून काढलेल्या गाभ्याचा बाह्य थर काढून टाकून केवळ आतील भाग तपासणे, हा या कामाचा अपरिहार्य भाग आहे.